शाळा उघडण्यापूर्वी

शाळा उघडायला आता चारच दिवस उरले. गणवेशाच्या दुकानांत रांगा लागल्या आहेत, वह्यांना कव्हरे चढत आहेत आणि मामाच्या गावाहून परतलेली पोरे नव्या पुस्तकांचा वास घेत बसली आहेत. याच दिवसांत, ११ जूनला, साने गुरुजींचा स्मृतिदिन येतो. १९५० साली या दिवशी ते गेले.

गुरुजी पेशाने शिक्षक. १९२४ पासून १९३० पर्यंत ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. पण १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात, आपल्याला कोणी घडवले हे ते लिहायला बसले, तेव्हा त्यांची लेखणी पालगडच्या घराकडे आणि आईकडे वळली. त्या 'श्यामची आई' पुस्तकातली आई पोराला उपदेशाचे डोस पाजत बसत नाही. पोहायला भिऊन दडून बसलेल्या श्यामला ती शिंपटी घेऊन विहिरीकडे पिटाळते. तो चोरी करतो, तेव्हा ती व्याकूळ होते आणि तिची ती व्याकुळता त्याला जन्मभर पुरते. पुढे अमळनेरच्या छात्रालयात हाच श्याम, म्हणजे स्वतः गुरुजी, मुलांच्या खोल्या झाडत असे, त्यांचे कपडे धूत असे, कंदिलाच्या काचा पुसून ठेवत असे. हे वळण त्याला घरात लागले होते.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. वर्षाचे तास ८,७६०. रोजचे दहा तास झोपेचे धरले, तरी मूल जागेपणी शाळेच्या तासांबाहेर चार हजारांहून अधिक तास असते. त्या वेळात त्याला कोण शिकवते?

सरत आलेल्या सुट्टीकडेच पाहा. आढीतले आंबे निघतात, खाणारी तोंडे दहा आणि पिकलेले आंबे सात. आजी धाकट्याच्या ताटात आधी फोड टाकते आणि स्वतः कोय चोखते. कुणी काही बोलत नाही, पण पोरे पाहत असतात. चुलत भावाशी भांडण होते, अबोला धरला जातो, आणि रात्री गच्चीवर एकाच सतरंजीवर झोपायचे असल्यामुळे तो मोडावाही लागतो. भांडलेल्या माणसाबरोबर राहायचे कसे, याचा धडा कोणत्या इयत्तेला आहे? आजोबा अंथरुणाला खिळलेले असतात. त्यांना चमच्याने पेज भरवताना घाई चालत नाही, हे नऊ वर्षांच्या नातीला दोन दिवसांत कळते. आत्या मुक्कामाला आली की आईबाबा हलक्या आवाजात पैशांचे बोलतात. ते ऐकलेली मुलगी त्या महिन्यात नव्या सँडलचा हट्ट धरत नाही.

घर वाईटही तितक्याच सहज शिकवते, हे कबूल केले पाहिजे. दारात आलेल्या माणसाला 'बाबा घरी नाहीत' असे सांगायला लावलेले पोर त्या दिवशी खोटे बोलायला शिकते, आणि शिकवणारा बापच असतो. जेवण झाल्यावर भाऊ उठून जातो आणि बहीण खरकटी ताटे उचलते. समतेवरचा निबंध मग दोघेही उत्तम लिहितात, पण ताटांचा धडा मुरलेला असतो. आईबरोबर जात्यावर बसणारा श्याम मराठी घरांत नव्वद वर्षे वाचला जातो आहे. त्या मानाने मुलग्यांच्या हातात भांडी फार थोड्या घरांत आली.

आमची खरी तक्रार आहे ती 'तू फक्त अभ्यास कर' या वाक्याबद्दल. ते मायेपोटीच म्हटले जाते. स्वतः हालअपेष्टा काढलेले आईबाप पोराला झळ लागू नये म्हणून त्याला घराच्या व्यवहारातूनच बाजूला ठेवतात. पाहुणे आले, तू आत जाऊन अभ्यास कर. काका वारले, क्लास बुडवू नकोस. आजीला दवाखान्यात नेतोय, तू थांब, उद्या परीक्षा आहे. मुलाचा वेळ वाचतो खरा. पण दुःखातल्या माणसाजवळ नुसते बसावे कसे, आजारी हात हातात घ्यावा कसा, चुकले तर थोरल्यांसमोर कबूल करावे कसे, हे त्याला नंतर कोणताही क्लास शिकवू शकत नाही. शिक्षकांवर हे ओझे टाकणे तर अन्यायाचे आहे. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाची आजी आणता येत नाही.

दप्तरे भरून झाली असतील, तर या चार दिवसांत एवढे करा. एका रात्री पोराला, मुलगा असो वा मुलगी, सगळ्यांना जेवायला वाढू द्या. कुणाला किती लागते, कुणाला तिखट सोसत नाही, हे त्याचे त्याला विचारू द्या. भाजी कमी पडली तर पडू द्या. आणि त्या रात्री त्याने सगळ्यांत शेवटी जेवायला बसावे. त्याच्या सोबतीला तुम्हीही थांबा.