ईदीचे डायमंड



ईदच्या नमाजनंतर मोहल्ल्यात मुलांची जी धावपळ असते, ती प्रत्येकाने पाहिली आहे. नवा कुर्ता, अत्तराचा वास आणि मुठीत कोऱ्या नोटा. मामूंकडून पन्नास, खालाकडून वीस, दादीकडून शंभर. आमच्या लहानपणी ही ईदी दुपारपर्यंत फुगे, बर्फाचा गोळा आणि पाळण्यात संपत असे. जे उरे ते अम्मी "मी सांभाळून ठेवते" म्हणून घेई आणि त्याचा पुढे कधी पत्ता लागत नसे.

गेल्या ईदला मोबाईलच्या दुकानाच्या पायरीवर सहा-सात मुले दिसली. दुकान बंद होते, तरी ती बसून होती. आम्ही विचारले, "काय रे, कशाची वाट बघताय?" एक जण म्हणाला, "सर, दुकान उघडलं की टॉप-अप मारायचा." नोटा दुकानदाराला द्यायच्या, तो आपल्या खात्यातून पैसे भरणार आणि मुलाच्या गेममध्ये डायमंड जमा होणार. ईदी मुठीत येऊन दोन तास झाले नव्हते, तोच तिचे डायमंड ठरलेही होते.

ज्या घरांत हा शब्द अजून पोहोचला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. फ्री फायरमध्ये जे चलन चालते त्याला डायमंड म्हणतात. बीजीएमआयमध्ये त्याला यूसी म्हणतात. गेम फुकट मिळतो. पैसे लागतात ते आत गेल्यावर: कपड्यांना, बंदुकीच्या रंगाला, नाचाला आणि नामवंतांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पात्रांना. आज बोलायचे आहे ते या शेवटच्या गोष्टीबद्दल.

२०१९ साली फ्री फायरमध्ये अलोक नावाचे पात्र आले. अलोक हा ब्राझीलचा खराखुरा डीजे. आपल्या जिल्ह्यात त्याचा कार्यक्रम झाला नाही, त्याची भाषा इथे कुणाला येत नाही. पण संगमनेर असो की जामखेड, सातवी-आठवीच्या मुलाला त्याचे नाव पाठ. पुढच्याच वर्षी केश्मर हा भारतीय वंशाचा अमेरिकन संगीतकार एका पात्राच्या रूपाने आला, आणि त्याच वर्षी हृतिक रोशनवरून केलेले 'जय' नावाचे पात्रही. २०२३ मध्ये महेंद्रसिंह धोनी फ्री फायर इंडियाचा चेहरा म्हणून जाहीर झाला. बीजीएमआयने रणवीर सिंहला घेतले, पुढे दीपिका पदुकोणला. त्याआधी पबजी मोबाईलने २०१९ मध्ये ॲलन वॉकर या नॉर्वेच्या संगीतकाराबरोबर गाणे काढले होते, आणि २०२२ मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन मुलींच्या गटाची मैफल गेमच्या आतच भरवली. फोर्टनाइट नावाच्या गेममध्ये तर एप्रिल २०२० मध्ये ट्रॅव्हिस स्कॉट या अमेरिकन गायकाची मैफल झाली, तेव्हा एका वेळी १ कोटी २३ लाख खेळाडू हजर होते. गायकाला श्रोते मिळाले आणि गेमला गिऱ्हाईक मिळाले.

संगीत जायज की नाजायज, या चर्चेत आम्ही इथे शिरत नाही. ती आलिम साहेबांची गोष्ट. आमचा प्रश्न खिशाचा आणि मनाचा आहे.

आधी खिशाचा. अलोक हे पात्र ५९९ डायमंडला मिळत असे. डायमंडची पाकिटे मात्र १००, ३१०, ५२०, १०६० अशी होती. आम्ही हे गणित आठवीच्या फळ्यावर लिहिले. वर्ग एकदम जागा झाला. एरवी मागच्या बाकावर पेंगणारी मुलेही हात वर करू लागली. एकाने सांगितले, "५२० चं एक आणि १०० चं एक घ्यायचं, ६२० होतात." मग उरले किती? २१. या २१ मध्ये फारसे काही मिळत नाही, पण ते खात्यात दिसत राहतात आणि पुढचे पाकीट घ्यायला लावतात. एका मुलीने दुसरा मार्ग काढला, "सर, १०० ची सहा घ्या, एकच उरेल." हिशेब बरोबर होता. खाली बसता बसता तीच म्हणाली, "पण ते ५९९ चं पाकीटच का नाही ठेवत?"

आम्हाला वाटते, सगळा धडा तिच्या या प्रश्नात आला. किराणा दुकानात आपण पाव किलो साखर मागितली तर दुकानदार पाव किलोच तोलून देतो. इथे रुपयाचे आधी डायमंड करायचे, तेही हव्या त्या मापात नाहीत. एकदा रुपयाचा डायमंड झाला की तो पैसा वाटेनासा होतो. शंभराची नोट मोडताना मुलाचा हात थबकतो, शंभर डायमंड मोडताना थबकत नाही.

आमच्या लहानपणीही गेम होते आणि गेममध्ये गायकही होते. १९९० मध्ये मायकल जॅक्सनच्या नावाचा 'मूनवॉकर' हा गेम निघाला होता. पण ती कॅसेट एकदा विकत घेतली की संपले. तालुक्याच्या गावी व्हिडिओ गेमच्या दुकानात रुपयाचे नाणे टाकून आम्हीही खेळलो आहोत, आणि शुक्रवारची अर्धी सुट्टी तिथे घालवल्याबद्दल अब्बांचा मारही खाल्ला आहे. नाणे संपले की खेळ संपे. खिसा रिकामा झालेला हाताला कळे. आता खिसा आपला नसतो, अम्मीच्या फोनमध्ये असतो, आणि तो रिकामा झालेला तिला महिन्याने कळतो.

आता मनाची गोष्ट. त्यासाठी एक प्रसंग सांगतो. नाव-गाव सांगत नाही, गेमचेही नाव सांगत नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरात वडील मालवाहू गाडीवर असतात, आई साड्यांना फॉल लावते. तिने पिको-फॉलचे मशीन घेण्यासाठी वर्षभर पैसे साठवले होते. नऊ हजार झाले होते. मशीनवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची म्हणून एके दिवशी तिने खाते पाहिले, तर २,८०० शिल्लक. आधी तिला वाटले, कुणीतरी फसवले. मोठ्या मुलीने हिशेब काढला तेव्हा ऐंशी, दोनशे चाळीस, चारशे अशा बारीक बारीक रकमा निघाल्या. तीन आठवड्यांत ६,२०० रुपये. मुलगा आठवीत. ईदी संपल्यावर त्याने अम्मीचा पिन पाठ केला होता आणि बँकेचे मेसेज एकेक करून पुसले होते.

ती माऊली मुलाला घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, "सर, मैंने मारा नहीं उसको. मारके क्या मशीन आनेवाली है?"

आम्ही मुलाला आत बसवून विचारले, "काय काय घेतलंस, दाखव." त्याने दाखवले. एक कोट, एक नाच आणि एका गायकाचे पात्र. विचारले, "हा गायक तुला आवडतो?" म्हणाला, "त्याची गाणी मी ऐकलेलीच नाहीत." मग कशाला घेतले? बराच वेळ तो गप्प होता. नंतर खाली बघत बोलला, "सर, साधे कपडे असले की सगळे नूब म्हणतात. टीममध्ये घेत नाहीत. बॉट म्हणून हसतात."

आम्ही तयारी करून बसलो होतो ती चोरीवर बोलण्याची. या उत्तरानंतर ती तयारी जागीच राहिली. हा मुलगा चैन करत नव्हता. तो गरिबी लपवत होता.

शाळेत गणवेश का असतो? हमालाचा मुलगा आणि डॉक्टरचा मुलगा एका बाकावर बसताना कपड्यांवरून ओळखू येऊ नयेत म्हणून. मशिदीत सफ कशी लागते? जो आधी आला तो पुढे, मग तो कुणीही असो. आपण पिढ्यानपिढ्या जी गोष्ट मुलांना अंगवळणी पाडत आलो, ती हे गेम नेमकी उलटी करतात. तिथे प्रत्येकाच्या अंगावर त्याची किंमत दिसते. अलोकच्या पात्राचे तर असे, की त्याच्याभोवती एक वर्तुळ तयार होते, त्यात उभ्या असलेल्यांची गमावलेली ताकद भरून येते आणि पळण्याचा वेग वाढतो. म्हणजे पैसे देणारा नुसता देखणा दिसत नाही, तो वरचढही होतो. नामवंताचा चेहरा हा वर लावलेला रंग आहे. आत विकली जाते ती मुलाची लाज.

दीनच्या बाजूने दोन गोष्टी. आम्ही मुफ्ती नाही, म्हणून निर्णय देत नाही, आठवण करून देतो. उधळपट्टी करणाऱ्यांना कुरआनने सैतानाच्या भावकीत बसवले आहे, हे आपण मुलांना ऐकवतो. पण सूरह निसामध्ये पालकांसाठीही एक रीत सांगितली आहे. यतीम मुलांचा माल त्यांच्या हाती देण्याआधी त्यांना पारखत राहावे, आणि समज आलेली दिसली की मगच सोपवावा. यातला 'पारखत राहावे' हा भाग आपण विसरतो. आपण एक तर पैशाला हातच लावू देत नाही, नाही तर फोन, पिन आणि खाते सगळे एकदम हाती देतो.

दुसरी गोष्ट नशिबाच्या चाकाची. अनेक गेममध्ये ठराविक वस्तू सरळ विकत मिळत नाही. डायमंड भरून चाक फिरवायचे किंवा पेटी उघडायची, निघाली तर निघाली. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्या जुगाराच्या कायद्यात बसवल्या. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ त्याने बंद केले, पण ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे गेम चालू राहिले. म्हणून कायद्याने सगळे निस्तरले असे समजून कुणी निर्धास्त होऊ नये. बंदीचा अनुभवही आपल्याला आहे. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईल बंद झाला, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला, फ्री फायर मॅक्स चालूच राहिला. नाव बदलले, मुले तीच. डायमंड भरून फिरवायच्या या चाकाबद्दल आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना जरूर विचारावे, आणि विचारताना मुलाला सोबत न्यावे.

एक कबुलीही द्यायला हवी. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरोघरी फोन करून "मुलाला मोबाईल घेऊन द्या" असे सांगणारे आम्ही शिक्षकच होतो. ज्यांची ऐपत नव्हती त्यांनी कर्ज काढून घेतले. तो फोन देताना त्यातल्या बाजाराबद्दल आम्ही एक शब्द बोललो नाही. हा लेख त्या उशिराची भरपाई आहे.

तर घरी काय करावे?

प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय आहे, ती आजच चालू करावी. यूपीआयचा पिन मुलांसमोर टाकू नये. यूपीआय लाईट चालू असेल तर लहान रकमांना पिन लागतच नाही, हे लक्षात ठेवावे. आठवड्यातून एकदा खात्याचा हिशेब मुलाला शेजारी बसवून बघावा. मेसेज पुसला तरी बँकेच्या यादीत रक्कम दिसते, हे त्याला कळू द्यावे. मुलाने न विचारता खरेदी केल्याचे कळले तर उशीर न करता ॲप स्टोअरकडे परतावा मागावा. अमेरिकेत फोर्टनाइटच्या कंपनीला २०२२ मध्ये अशा नकळत झालेल्या खरेदीसाठी २४.५ कोटी डॉलर परत करण्याचे मान्य करावे लागले, म्हणजे मागणे वावगे नाही. 'फुकट डायमंड'ची लिंक म्हणजे फसवणूक समजावी, आणि पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करावा.

आणि ईदी? ती हिसकावून घेऊ नये. पूर्वी अम्मी "सांभाळून" ठेवायची, त्यातून आम्ही पैसे सांभाळायला शिकलो नाही, लपवायला शिकलो. एक वही करावी. कुणी किती दिले, ते मुलाने स्वतः लिहावे. थोडे गरजूसाठी काढावे, थोडे ठेवावे, थोडे त्याच्या मर्जीने खर्चू द्यावे. त्या मर्जीच्या भागातून त्याने डायमंड घेतलेच, तर तेही त्याच वहीत रुपयांत लिहावे, डायमंडमध्ये नाही.

त्या मुलाने वही केली आहे. शाळा सुटल्यावर तो फॉल लावलेल्या साड्या घरोघरी पोहोचवतो. अम्मी त्याला एका साडीमागे पाच रुपये लावते, हातात देत नाही, वहीत जमा करते. परवा त्याने वही आणून दाखवली. ३४५ रुपये फिटले होते. आम्ही विचारले, "गेम खेळतोस का अजून?" म्हणाला, "कधी कधी. साध्या कपड्यात." मग थोडा थांबून म्हणाला, "हसतात सर अजून."

मशीन अजून आलेले नाही.