‘बाई असं बोलत नसते!’

‘पोरी मिळत नाहीत!’ हे वाक्य ऐकून तुम्हाला विवाहमंडळ आठवलं ना? मला आमच्या नांदेडमधला नाटकाचा सीझन आठवतो.

‘स्त्रीपात्रविरहित’ हा अवघड शब्द मी शाळेत असतानाच शिकले, तो एकांकिकेच्या पुस्तकाच्या कव्हरवर वाचून. म्हणजे ज्यात एकही बाई नाही असं नाटक. स्पर्धेत उतरणाऱ्या छोट्या ग्रुप्सना असलीच स्क्रिप्ट हवी असते. कारण साधं आहे. तालीम सुरू होणार रात्री आठला, सगळ्यांची ऑफिसं आणि दुकानं सुटल्यावर. संपणार अकराला. मग मुलीला घरी कोण सोडणार? कुणी सोडलंच, तर गल्लीतले काय म्हणणार? त्यापेक्षा बाईच नको. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड!

माझ्या एका मित्राने मात्र तीन बायकांची एकांकिका लिहिली. ‘नाव छापू नको बाई,’ म्हणालाय, म्हणून आपण त्याला ‘लेखक’ म्हणू. लेखक मूळचा नांदेडचा, नोकरी लातूरच्या बँकेत. कॉलेजातली सगळी गँग पुण्याला गेली. उरले ऑफिसातले कलीग. त्यांच्या गप्पा म्हणजे प्लॉट, ईएमआय आणि क्रिकेट. दर शनिवारी हा एसटीत बसतो आणि अहमदपूर, लोहा करत रात्री तालमीला नांदेडात हजर होतो.

बऱ्याच खटपटीनंतर त्याला तिघी मिळाल्या. एक शाळेत शिक्षिका, एक नर्स, एक बीएस्सीची विद्यार्थिनी. पहिलं वाचन झालं. नवऱ्याचं खोटं पकडल्यावर नायिकेला त्याने दोन पानी स्वगत दिलं होतं. चंद्र, काळोख, तुटलेली काच, सगळं होतं त्यात. शिक्षिकाबाई शांतपणे म्हणाल्या, ‘सर, बाई असं बोलत नसते. मी एवढं बोलत बसले तर कुकरच्या शिट्ट्या कोण मोजायचं?’

लेखक आधी दुखावला. मग घरी जाऊन दोन पानांच्या चार ओळी केल्या. आता ती बाई गॅस बंद करते, ताट वाढते आणि एकच प्रश्न विचारते. मी तालीम पाहिली. अंगावर काटा आला, खरंच!

आपल्या रंगभूमीला ही गोष्ट नवी नाही, फक्त आपण विसरतो. एकेकाळी बालगंधर्व शालू नेसून उभे राहत आणि बायका त्यांची फॅशन कॉपी करत. १९३३मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने श्री. वि. वर्तकांचं ‘आंधळ्यांची शाळा’ केलं आणि त्यात ज्योत्स्ना भोळे, पद्माबाई वर्तक अशा बायकांनीच बायकांच्या भूमिका केल्या. पुढे नागपूरच्या महेश एलकुंचवारांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७मध्ये ‘सत्यकथे’त आली. ती विजया मेहतांच्या नजरेत भरली, त्यांनी ‘रंगायन’मध्ये त्यांच्या एकांकिका उभ्या केल्या. १९८५ला ‘वाडा चिरेबंदी’ही बाईंनीच बसवलं. नवा लेखक दूरच्या गावात लिहीत बसलेला असतो, त्याला ओळखणारं कुणीतरी लागतं. इथे ते ‘कुणीतरी’ बाई होती.

आणि आपल्या मराठवाड्याचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) ‘जिगीषा’ ग्रुपमधून आलेल्या प्रशांत दळवींनी ‘चारचौघी’ लिहिलं, चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलं. साल १९९१. आई आणि तीन मुली. दीपा श्रीराम, वंदना गुप्ते, आसावरी जोशी आणि औरंगाबादचीच प्रतीक्षा लोणकर. लग्नाशिवाय संसार केलेली आई, आणि एकाच वेळी दोघांवर प्रेम आहे असं सरळ सांगणारी धाकटी! त्यातला विद्याचा नवऱ्याशी फोनवर बोलण्याचा लांबलचक प्रवेश आजही लोक आठवतात. समोर नवरा नाही, फक्त रिसीव्हर. २०२२मध्ये नाटक नव्या संचात आलं, तेव्हा तोच फोन मुक्ता बर्वेने उचलला. एकतीस वर्षांत आपल्या हातातले फोन किती बदलले, पण तो प्रवेश जुना झाला नाही.

आता पुन्हा आमच्या लेखकाकडे. तालमीला तीन आठवडे झाले आणि नर्सच्या घरून निरोप आला, रात्रीचं जमणार नाही. ग्रुपमधल्या पोरांनी लगेच सुचवलं, ‘तिचा रोल काट, नाहीतर भाऊ कर.’ लेखक म्हणाला, ‘रोल नाही, टाइम बदलू.’ आता तालीम रविवारी सकाळी सातला होते, शिक्षिकाबाईंच्या गच्चीवर. नर्स नाइट ड्यूटी संपवून थेट येते. तिची सासू पहिल्या दिवशी ‘बघायला’ आली होती. दुसऱ्या रविवारी स्वतःच प्रॉम्प्टिंगची वही घेऊन बसली!

‘तुला यातून काय मिळतं रे?’ मी विचारलं. तो जरा थांबून म्हणाला, ‘बँकेत मला आठवडाभरात कुणी विचारत नाही की तू गप्प का आहेस. इथे पोहे खाताखाता तिघी विचारतात. आणि उत्तर खोटं असलं तर संवादासारखंच पकडतात.’

फार गोड वाटतंय? मग एक खडा टाकते. पोस्टरवर लेखक म्हणून नाव एकट्याचंच होतं. मी ते बोलून दाखवलं. लेखक लाल झाला. परवा त्याने नवीन पोस्टरचा फोटो पाठवला. ‘लेखन’ या शब्दाखाली त्याचं नाव, आणि त्याखाली ‘संहिता सहकार्य’ म्हणून तिघींची. अक्षरं बारीक आहेत, पण आहेत.

तुमच्याही ऑफिसात प्रेझेंटेशन होतं, प्रोजेक्ट होतो, टाळ्या पडतात. ‘असं बोलत नसतात’ हे तुम्हाला वेळेवर सांगणारं कोण होतं, आठवून बघा. आणि पुढच्या स्लाइडवर तिचं नाव टाका. फॉन्ट जरा मोठा ठेवा, प्लीज!