सरासरी कुणाची?

वर्ग सुरू होऊन आठवडा झाला की ठरलेला प्रश्न येतो, ‘मॅडम, गणित नको म्हणून आर्ट्सला आलो, मग मानसशास्त्रात हे कुठून आलं?’ विचारणाऱ्या बहुतेक मुलीच. (वर्गातही बहुतेक मुलीच आहेत म्हणा. तेव्हा त्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मीच त्यांना शिकवते.)

मी वरसे गावात राहते आणि बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्यांना संख्याशास्त्र शिकवते. पहाटे घरचं आवरून, एसटी गाठून येणाऱ्या या मुली. ‘मुलींचं गणित कच्चंच’ हे त्यांनी इतक्यांदा ऐकलंय की तो त्यांना निसर्गनियम वाटतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण ज्या रोह्यात गेलं, तिथे मुलींनी आकड्यांना भ्यावं! सूत्रं पाठ करून त्या पास होतात. पुढे अंगणवाडीत, संस्थांत, समुपदेशन केंद्रात रजिस्टरं याच भरतात आणि त्या आकड्यांचा अर्थ मात्र दुसरंच कोणी लावतं. मला हे खटकतं.

म्हणून सरासरी शिकवायला मी केंद्र सरकारची २०१९ सालची वेळ-वापर पाहणी घेते. सहा वर्षांवरील बायका विनामोबदला घरकामाला दिवसाला २९९ मिनिटं देतात, पुरुष ९७. (मुलं-म्हातारे सांभाळणं यात नाही, त्याचा रकाना वेगळा.) मुली लगेच म्हणतात, ‘९७? आमच्याकडे कोण करतं एवढं?’ शंका अगदी बरोबर. ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांची आहे. बायकांपैकी ८१.२ टक्क्यांनी ते केलं, पुरुषांपैकी २६.१ टक्क्यांनी. हातच न लावलेल्यांनाही हिशेबात धरा, म्हटलं की कुणीतरी फळ्याशी येते. पुरुषांची पंचवीस मिनिटं, बायकांची २४३. वर्ग हसतो, मग गप्प होतो. ९७ हा आकडा खोटा नव्हता. कितीजणांत भागला, हे विचारायचं राहिलं होतं.

प्रमाण विचलनाला मी लेटा हॉलिंगवर्थला आणते. पुरुषांमध्ये कमी-जास्तपणाचा पल्ला मोठा, म्हणून प्रतिभावंतही त्यांच्यातच, असं तेव्हाचे विद्वान म्हणत. या अमेरिकन बाईने एका सहकारी स्त्रीबरोबर हजार मुलगे आणि हजार मुलींची जन्मवेळची मापं तपासली. मुलग्यांचा पल्ला काही मोठा निघाला नाही. १९१४ मध्येच तिने पाळीवरचा प्रबंध छापला. २३ बायका, ताडून पाहायला दोन पुरुष, त्यांच्या वारंवार चाचण्या. पाळीच्या दिवसांत बुद्धी किंवा हाताचं कसब मंदावतं, असं काही दिसलं नाही. हे सांगितल्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, ‘मला अजून चार दिवस बाजूला बसवतात.’ तर मागून दुसरी, ‘पण मॅडम, २३ बायका पुरेशा होतात का?’ मला दोघींचंही बोलणं मोलाचं वाटलं. आपल्या सोयीचा निष्कर्षही तपासायला नको का?

मैत्रिणींनो, ‘बाईचं दुःख आकड्यांत मावत नाही’ असं आपण म्हणतो. नाहीच मावत. पण आपण चुकीचा आकडा गोळा केला, तर तो आपल्याच अंगावर येतो. ओळखीच्या एका गटाने घरातल्या मारहाणीची पाहणी केली, तिची प्रश्नावली मीच तपासून दिली होती. ओटीवर, सासूसमोर विचारलं, ‘नवरा हात उगारतो का?’ बहुतेकींनी ‘नाही’ म्हटलं. पुढे ग्रामसभेत तोच कागद आमच्यापुढे नाचवला गेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रश्न घरातल्या एकाच बाईला आणि एकांत मिळाला तरच विचारतात, हे मला ठाऊक होतं. मी ते सांगायला हवं होतं. त्या पाहणीत २०१९-२१ मध्ये, हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के बायकांनी ना कुणाकडे मदत मागितली होती, ना कुणाला सांगितलं होतं. म्हणजे पाहणीला आलेल्या अनोळखी बाईपाशी त्या पहिल्यांदा बोलल्या.

आपल्या शिबिरांत कायद्याला एक दिवस असतो, आरोग्याला असतो. आकड्यांना निदान एक दुपार द्या. येत्या सुट्टीत आम्ही तीच पाहणी पुन्हा करणार आहोत, एकेकीला वेगळं गाठून. प्रश्न या खेपेला मुलींनीच लिहिलेत. कुणी ‘हो’ म्हणाली तर तिला कुठे न्यायचं, तो पत्ता प्रत्येकीच्या वहीत पहिल्या पानावर आहे.