सतारीला मानांकन, कारागिराच्या नाकाचे काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात अंतोनियो स्ट्रादिवारी या इटालियन कारागिराचे १७१४ सालचे व्हायोलिन सुमारे १ कोटी १३ लाख डॉलरना विकले गेले. रुपयांत शंभर कोटींच्या आसपास! नव्वदी ओलांडूनही काम करणारा हा कारागीर १७३७ मध्ये वारला. त्याच्या वाद्यांत काय जादू आहे म्हणून शास्त्रज्ञांनी लाकूड तपासले, वार्निश तपासले, व्हायोलिने सीटी स्कॅनमध्येही घातली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २१ वादकांना काळे गॉगल घालून जुनी-नवी व्हायोलिने वाजवायला दिली. जुने कोणते, हे बहुतेकांना ओळखता आले नाही. म्हणजे किमतीत बराच भाग नावाचा आणि दुर्मीळतेचा.

तसे नाव आता मिरजेलाही मिळाले आहे. १८५० च्या सुमारास, हत्यारांची मागणी घटल्यावर, फरीदसाहेब शिकलगार वाद्ये बनवू लागले. त्यातून उभ्या राहिलेल्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भाव वाढेल, नक्कल थांबेल, अशी आशा आहे. ती रास्तच आहे.

डॉक्टर म्हणून मला मात्र त्या खोलीतली धूळ दिसते. लाकूड रंधायचे, भोपळा घासायचा, जवारीसाठी घोडी कानशीने बारीक घासत बसायचे, वर पॉलिशचा वास. लाकडाच्या धुळीने दमा होतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच ती माणसासाठी निश्चित कर्करोगकारक ठरवली. नाक व सायनसचा हा कर्करोग विरळा. पण अनेक वर्षांच्या संपर्कानंतर उगवतो, त्यामुळे धंद्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. दहापेक्षा कमी कामगारांच्या घरगुती कारखान्याला सहसा ईएसआयचे छत्रही नसते.

आपल्या मालेगावातल्या सुतारांची, फर्निचरवाल्यांची गोष्ट वेगळी नाही. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क वापरा. कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. एकच नाकपुडी आठवडेच्या आठवडे बंद राहत असेल किंवा तिच्यातून रक्त येत असेल, तर सर्दी समजून थेंब टाकत बसू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा आणि किती वर्षे लाकूडकाम करता, हे न विचारताही सांगा.