लफडं बाहेर आलं, तरी कॅमेरा बंद झाला नाही : ‘वीनर’ डॉक्युमेंट्री काय सांगते?

नेत्याचं लफडं बाहेर आलं की आधी पत्रकारांना दार बंद होतं. न्यूयॉर्कच्या अँथनी वीनर यांनी मात्र कॅमेरा घरातच राहू दिला. त्यातून २०१६ मध्ये ‘वीनर’ ही डॉक्युमेंट्री आली.

आधी काय झालं होतं?

वीनर हे डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार. मे २०११ मध्ये त्यांनी एका तरुणीला पाठवलेला अश्लील फोटो ट्विटरवर जगजाहीर झाला. आधी ते म्हणाले, अकाउंट हॅक झालं. नंतर कबुली दिली आणि जूनमध्ये खासदारकी सोडली.

मग डॉक्युमेंट्री कशी बनली?

२०१३ मध्ये वीनर न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उतरले. त्यांचेच जुने सहकारी जॉश क्रिगमन यांनी एलिस स्टाइनबर्ग यांच्यासोबत प्रचार चित्रित करायला घेतला. गोष्ट पुनरागमनाची होणार होती, कारण काही सर्व्हेंत वीनर पुढेही होते. पण जुलैमध्ये ‘कार्लोस डेंजर’ या नावानं पाठवलेले मेसेज बाहेर आले, तेही राजीनाम्यानंतरचे. पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांना जेमतेम ५ टक्के मतं पडली.

सिनेमात सगळ्यात बोलका चेहरा आहे तो त्यांच्या तेव्हाच्या पत्नी हुमा आबेदिन यांचा. हिलरी क्लिंटन यांच्या या विश्वासू सहकारी फारसं बोलत नाहीत, पण चूक एकाची आणि भोगतंय कोण, हे दिसत राहतं. शेवटी क्रिगमन स्वतःच विचारतात, हे सगळं चित्रित का करू दिलंत?

पुढे काय झालं?

जानेवारी २०१६ मध्ये सिनेमाला सनडान्स महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी वीनर यांचं नवं प्रकरण निघालं. या वेळी समोर अल्पवयीन मुलगी होती. तपासात त्यांच्या लॅपटॉपवर आबेदिन यांचे ईमेल सापडले. मतदानाला ११ दिवस उरले असताना एफबीआयनं क्लिंटन यांच्या ईमेलची चौकशी पुन्हा हाती घेतली. क्लिंटन हरल्या. २०१७ मध्ये वीनर यांना २१ महिन्यांची शिक्षा झाली. जून २०२५ मध्ये ते न्यूयॉर्कच्या नगर परिषदेसाठी पुन्हा उभे राहिले आणि पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले.

यातून काय घ्यायचं?

कॅमेऱ्यासमोर सगळं उघडं करणारा माणूस प्रामाणिक असतोच असं नाही. चूक कबूल करणं ही एक गोष्ट, ती थांबवणं ही दुसरी. सिनेमा पाहताना वीनर यांची कीव येते, कधी हसूही येतं. पण पुढे ज्या मुलीला त्रास झाला, ती या फ्रेममध्ये कुठेच नाही. बदनाम नेत्याच्या ‘कमबॅक’ची रील शेअर करण्याआधी एवढं आठवलं तरी पुरे.