चालले म्हणजे बरोबर?

महाराष्ट्रात बारावीच्या संगणकशास्त्रात सी प्लस प्लस ही भाषा अनेक वर्षे शिकवली गेली आहे. प्रात्यक्षिकात एक वाक्य हमखास कानावर येते : ‘सर, प्रोग्रॅम चालला, म्हणजे बरोबर आहे.’ मला हे मान्य नाही. लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९.८ आले, एवढ्यावरून निरीक्षणे खरी होती असे कोणी मानतो का?

समजा, आपण ‘तलाव’ नावाचा क्लास लिहिला. त्यातील एक फंक्शन ‘भंडारा, तलावांचा जिल्हा’ एवढेच छापते. दुसरे त्या तलावाचा पाणीसाठा सांगते. पॉइंटर म्हणजे वस्तूचा स्मृतीतील पत्ता, आणि नल पॉइंटर म्हणजे ‘येथे कोणतीच वस्तू नाही’ अशी खूण. नल पॉइंटरवरून दुसरे फंक्शन बोलावले, तर प्रोग्रॅम बहुधा कोसळतो. पहिले मात्र पुष्कळदा निमूटपणे चालते! कारण फंक्शनच्या आज्ञा वस्तूच्या आत नसतात. त्या एकदाच, वेगळ्या जागी ठेवलेल्या असतात. वस्तूचा पत्ता त्यांना ‘धिस’ या नावाने आतून पुरवला जातो, आणि पहिल्या फंक्शनला त्या पत्त्यावर जाण्याची गरजच पडत नाही.

तरीही भाषेच्या नियमांप्रमाणे दोन्ही गोष्टी चूकच. येथील वर्तन अनिर्धारित आहे. काय घडेल याची कसलीही हमी नाही.

‘मग धिस नल आहे का, हे फंक्शनच्या आत तपासू,’ असे एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल. खरी गंमत येथेच आहे. क्ष² = ५क्ष या समीकरणात दोन्ही बाजूंचा क्ष उडवला की क्ष = ५ मिळते, पण क्ष = ० हे उत्तर हरवते; कारण क्ष शून्य नाही असे आपण नकळत धरून चालतो. कंपायलरही असेच करू शकतो. फंक्शन बोलावले त्याअर्थी वस्तू आहेच, असे धरून तो तुमची तपासणी निरुपयोगी म्हणून गाळून टाकतो. २०१६ साली जीसीसी या कंपायलरच्या ६व्या आवृत्तीने असे गृहीत धरले, तेव्हा क्यूटी व क्रोमियम यांसारख्या मोठ्या प्रकल्पांतील नियमबाह्य भाग बिघडले. मोठमोठी अनुभवी मंडळीही ‘चालते ना!’ यावर विसंबली होती. यात कंपायलरला दोष देणे मला पटत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना विनंती, की पडद्यावर उत्तर उमटले म्हणून पूर्ण गुण देऊ नयेत. ‘हा पॉइंटर नल असेल तर?’ असे तोंडी परीक्षेत जरूर विचारावे. आणि तपासणी फंक्शनच्या आत नव्हे, तर ते बोलावण्याआधी केली आहे की नाही, तेही पाहावे.