मुतखडा पुन्हा झाला? आधी रक्तातले कॅल्शियम तपासा

एकदा मुतखडा झाला, काढला. दोन वर्षांनी पुन्हा झाला. मधल्या काळात हाडे दुखतात, थकवा येतो, पोट साफ होत नाही. तुम्ही कुळथाचे कढण पिता आणि कोणीतरी सांगितले म्हणून कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू करता. फाइलमध्ये सोनोग्राफीचे पाच रिपोर्ट असतात, रक्तातल्या कॅल्शियमचा मात्र एकही नसतो. हा दोष तुमचा नाही, आम्हा डॉक्टरांचा आहे. प्रत्येक तक्रारीला वेगळी गोळी लिहून देणे सोपे असते.

गळ्यात थायरॉइडच्या मागे बहुधा चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांचे हार्मोन (पीटीएच) रक्तातले कॅल्शियम सांभाळते. एखाद्या ग्रंथीत गाठ झाली की हे हार्मोन जास्त पाझरते. मग हाडांतले कॅल्शियम रक्तात येते आणि लघवीत उतरून खडे बनवते. गर्भात खालच्या दोन ग्रंथी थायमसबरोबर खाली सरकतात. काहींच्या बाबतीत त्या थेट छातीत उतरतात. म्हणजे गाठ छातीत आणि दुखणे मूत्रपिंडात!

अमेरिकेतले जहाजाचे कप्तान चार्ल्स मार्टेल यांची हाडे मोडत गेली, उंची सुमारे ७ इंचांनी घटली. सहा शस्त्रक्रियांत गाठ सापडली नाही. १९३२ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सातव्या वेळी ती छातीत सापडली. तोवर मूत्रपिंडे खराब झाली होती. काही आठवड्यांतच ते गेले.

तेव्हा गाठ दाखवणारे स्कॅन नव्हते. आज सेस्टामिबी स्कॅन आणि सीटीने गाठीची जागा कळू शकते. छातीतली गाठ अनेकदा दुर्बिणीने काढता येते. पण स्कॅनचा विचार कधी होणार? आधी कॅल्शियम तपासले तरच ना!

"इतक्या दुर्मीळ आजारासाठी तपासणी कशाला?" असे काहीजण म्हणतील. छातीतली गाठ दुर्मीळ आहे, पण पॅराथायरॉइडचा आजार तितका दुर्मीळ नाही आणि कॅल्शियमची तपासणी स्वस्त आहे.

आणखी एक फसगत टाळा. कॅल्शियम वाढलेले असताना पीटीएच कमी व्हायला हवे. तेव्हा ते 'नॉर्मल' आले, तरी निश्चिंत राहू नका.

खडा पुन्हा झाला, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "माझे कॅल्शियम किती आहे?" उत्तर मिळेपर्यंत कॅल्शियमची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.